शुगर किती ते नंतर, आधी आई जेवली का ते विचारा

ठाण्यात घोडबंदर रोडला, खारघरला, पनवेलच्या पुढे म्हाताऱ्या माणसांसाठीची केअर सेंटर्स आता सहज सापडतात. कुणाची आई खुब्याचं हाड मोडल्यावर तिथे जाते, कुणाचे वडील विसरणं हाताबाहेर गेल्यावर. मुलगा ऐरोलीत कामाला, नाहीतर थेट टोरांटोला. रात्री फोन होतो आणि "बरी आहे ना?"च्या पाठोपाठ प्रश्न येतो, "सिस्टर, शुगर किती आली?" सिस्टर चार्ट बघून सांगतात, "झोपतानाची एकशे अठ्ठ्याण्णव." इकडे घालमेल सुरू. "एवढी कशी? डॉक्टरांना गोळी वाढवायला सांगा. आणि तिचा तो साखरेचा चहा आधी बंद करा."

हे सगळं मायेपोटीच चाललेलं असतं. पण ८४ वर्षांच्या, वॉकर घेऊन चालणाऱ्या, किडनी मंदावलेल्या आणि अर्धी पोळी खाऊन "पुरे" म्हणणाऱ्या बाईसाठी झोपतानाची १९८ ही बिघडलेली शुगर नाही. ती चालण्यासारखी आहे. तिला ओढून १२० वर आणायचा हट्ट धरला, तर त्यातून येणारा धोका १९८ मुळे होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठा असतो आणि तो आज रात्रीच येऊ शकतो.

वाढलेली शुगर हळू चालते, उतरलेली धावते

शुगर वाढलेली राहिली की डोळ्यांचा पडदा, किडनी आणि पायांच्या नसा यांचं नुकसान होतं, हे आपल्याला पाठ आहे. फक्त ते व्हायला वर्षं लागतात. पन्नाशीतल्या माणसाने आज शुगर काटेकोर ठेवली तर त्याचा फायदा त्याला साठीत दिसतो. हिशोब साधारण आठ-दहा वर्षांचा असतो. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, हृदय आणि किडनी दोन्ही थकलेली असताना, या हिशोबाला फारसा अर्थ उरत नाही. उलट शुगर ७० च्या खाली गेली तर परिणाम मिनिटांत दिसतो: चक्कर, पडणं, हाड मोडणं, फिट येणं, बेशुद्धी, कधी हृदयाचे ठोके बिघडणं. (शुगरचे हे आणि पुढचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, म्हणजे ग्लुकोमीटरवर दिसतात तेच.)

शुगर जितकी कमी तितकं चांगलं, हा समज डॉक्टरांमध्येही बराच काळ होता. त्याला धक्का दिला तो ॲकॉर्ड नावाच्या अभ्यासाने. अमेरिका आणि कॅनडातले टाइप २ मधुमेहाचे दहा हजारांहून जास्त रुग्ण त्यात होते, सरासरी वय ६२. एका गटाची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी (ती टक्क्यांत मोजतात), जोर लावून ६ च्या खाली आणायची असं ठरलं होतं. त्याच गटात मृत्यू जास्त होऊ लागले आणि २००८ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. बासष्टीत ही गोष्ट, तर पंच्याऐंशीत काय, याचा अंदाज करता येतो.

म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनात वृद्धांसाठी एकच माप ठेवलेलं नाही. धडधाकट असतील त्यांना एचबीए१सी ७ ते ७.५ च्या खाली. तीन-चार आजार सोबत असतील, किंवा रोजच्या कामांत मदत लागत असेल, तर ८ च्या खाली. आणि जे दीर्घकाळ देखभालीत आहेत, ज्यांचे आजार पुढच्या टप्प्यावर आहेत, त्यांच्या बाबतीत एचबीए१सीच्या मागे लागूच नये. शुगर उतरू द्यायची नाही आणि त्रास होईल इतकी चढू द्यायची नाही, एवढंच धोरण. त्यांच्यासाठी जेवणाआधी १०० ते १८० आणि झोपताना ११० ते २०० हे आकडे दिलेले आहेत. आपल्या आजींचे १९८ याच चौकटीत बसतात.

इथे एक गल्लत टाळायला हवी. वृद्धाश्रमात राहतो म्हणजे माणूस तिसऱ्या गटातच, असं नाही. सकाळी उपवन तलावाला चक्कर मारून येणारे, पेपरातलं शब्दकोडं सोडवणारे, फक्त एकटं राहायचं नाही म्हणून तिथे आलेले ७२ वर्षांचे काका पहिल्या गटातले आहेत. त्यांना "आता या वयात काय" म्हणून २५० वर सोडून देणं हा निष्काळजीपणाच. वयाचा दाखला बाजूला ठेवून माणूस काय काय करू शकतो ते बघायचं.

एचबीए१सीबद्दल आणखी एक. ही चाचणी रक्तातल्या तांबड्या पेशींवर चालते, त्यामुळे पेशींचं गणित बिघडलं की हिचंही बिघडतं. लोह कमी असेल तर आकडा खोटाच वर दिसू शकतो. रक्त चढवलं असेल किंवा किडनीच्या आजारात रक्त वाढवायची इंजेक्शनं चालू असतील तर खोटाच खाली. केअर सेंटरमधल्या आज्यांमध्ये ॲनिमिया आणि किडनीचा आजार दोन्ही घरचेच. रिपोर्टवरचा ६.८ बघून मुलं पेढे वाटतील, पण इन्सुलिन घेणाऱ्या थकलेल्या माणसाचा ६.८ पाहून जाणता डॉक्टर आधी विचारेल, "रात्री घाम येतो का? मध्येच गोंधळल्यासारख्या होतात का?"

शुगर उतरते तेव्हा

गोळ्यांचा किंवा इन्सुलिनचा डोस साठाव्या वर्षी ठरलेला असतो. तेव्हा बाईंचं वजन ६४ किलो, दोन्ही वेळा भाजी-भाकरी, भाजी आणायला गोखले रोडपर्यंत चालत. आज वजन ४७, जेवण तिसऱ्या हिश्शाचं, चालणं खाटेपासून बाथरूमपर्यंत. किडनी मंदावली की इन्सुलिन आणि काही गोळ्या शरीरात जास्त वेळ रेंगाळतात. डोस मात्र जुन्याच कागदावरचा. सकाळी आठला गोळी दिली, साडेआठला उपमा आला, दोन चमचे खाऊन ताट परत गेलं, आणि तोवर औषध आपल्या कामाला लागलं: रिकाम्या पातेल्याखाली जाळ चालू राहावा तसं. त्या दिवशी साडेदहाला आजी खुर्चीत पेंगताना दिसतात आणि जाणारा-येणारा म्हणतो, "झोपू द्या त्यांना."

चाळिशीतल्या माणसाची शुगर उतरली की तो थरथरतो, घाम फुटतो, छातीत धडधडतं, सपाटून भूक लागते. म्हाताऱ्या शरीरात ही धोक्याची घंटा क्षीण होते. बीपी-हृदयासाठीच्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असल्या तर धडधड आणि थरथर आणखी दबते. उरतं ते मेंदूचं: असंबद्ध बोलणं, चिडणं, हात झटकणं, जीभ जड होणं, तोल जाणं, नुसतं गप्प होणं. कधी एक बाजू लुळी पडल्यासारखीही वाटते आणि सगळे पॅरालिसिस समजून धावतात. डिमेन्शिया असलेल्या आजोबांना तर काय होतंय ते सांगताच येत नाही. त्यांनी ताट भिरकावलं तर ते "आज त्यांचं डोकं फिरलंय" म्हणून नोंदवलं जातं. शुगरचं औषध चालू असलेला माणूस अचानक वेगळा वागू लागला की बाकी तर्क करण्याआधी बोट टोचून बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ग्लुकोमीटर सापडत नसेल तर शुगर उतरली आहे असं समजूनच चालायचं.

७० पेक्षा कमी आली आणि माणूस शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर: चहाचे तीन-चार चमचे, थोड्या पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, अजून कमी असेल तर परत तेवढंच. वर आली की काहीतरी खायला द्यायचं, दूध-बिस्कीट, पोळीचा तुकडा, नाहीतर तासाभरात पुन्हा उतरते. ५४ च्या खालचा आकडा गंभीर. तो आला की उपाय करता करताच डॉक्टरांना फोन. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखरेचं पाणी फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट. अशा वेळी कुशीवर वळवायचं, सेंटरमध्ये प्रशिक्षित नर्स असेल तर शिरेतून ग्लुकोज किंवा शुगर वर आणणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन, नाहीतर तडक १०८.

आता एक बारकावा, जो आपल्याकडे फारच कामाचा आहे. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज ही तिन्ही औषधं एकाच गोळीत असलेल्या स्ट्रिप आपल्या घराघरांत आहेत. यातलं व्होग्लिबोज आतड्यात साखर फोडण्याचं काम मंद करतं. तेच त्याचं औषधपण. पण याच कारणाने ही गोळी घेणाऱ्याची शुगर उतरली आणि आपण घरची साखर दिली, तर ती फुटून रक्तात जायला वेळ लागतो. अशा माणसाला थेट ग्लुकोजच लागतं, जे फोडावं लागत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी साधी ग्लुकोज पावडर त्यासाठी चालते. गोळीच्या नावात काय काय दडलंय ते स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. व्होग्लिबोज किंवा त्याच्याच गटातलं अकार्बोज दिसलं की आईच्या ड्रॉवरमध्ये ग्लुकोजचा डबा ठेवून या आणि रात्रपाळीच्या मावशींना तो कुठे आहे ते दाखवून या.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडमुळे उतरलेली शुगर एकदा वर आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. औषध शरीरात असेपर्यंत, चोवीस तास किंवा त्याहून जास्त, ती पुन्हा पुन्हा उतरू शकते. अशा वेळी हॉस्पिटलात एक रात्र ठेवायला डॉक्टर सांगतात ते उगीच नाही.

गोळ्यांचा कागद

ग्लिमेपिराइड आणि ग्लिबेनक्लामाइड ही दोन्ही औषधं सल्फोनिलयुरिया गटातली. स्वस्त, जुनी, आकडा झटकन खाली आणणारी. स्वादुपिंडाला ती इन्सुलिन सोडायला लावतात, मग माणूस जेवलेला असो वा नसो. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची बिअर्स नावाची यादी आहे, वृद्धांना शक्यतो न द्यायच्या औषधांची. तिच्या २०२३ च्या आवृत्तीत हा अख्खा गट पहिली किंवा दुसरी पसंती म्हणून वापरू नका असं म्हटलंय. द्यावाच लागला तर कमी वेळ टिकणारी औषधं निवडा, ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइडसारखी लांबणारी नकोत. तरीही दहा वर्षांपूर्वीच्या कागदावरून तीच गोळी पुढे चालू आहे, हे चित्र नेहमीचं. डॉक्टरांना भेटाल तेव्हा "आकडा का वाढला"च्या ऐवजी "ही गोळी अजून लागते का" असं विचारून बघा. स्वतःच्या मनाने मात्र काहीही बंद करायचं नाही.

मेटफॉर्मिन एकटं असेल तर त्याने शुगर सहसा उतरत नाही, म्हणून वृद्धांतही ते चांगलं मानतात. अट किडनीची: ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते याचा रिपोर्टवरचा आकडा, ३० च्या खाली गेला की बंद, ३० ते ४५ मध्ये डोस कमी. भूक मारतं, पोट बिघडवतं आणि वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या आणि विसरभोळेपणा यांचं खापर दर वेळी शुगरवर किंवा वयावर फोडण्याआधी बी१२ तपासलेलं बरं. ग्लिप्टिन गट या वयात सोयीचा, कारण शुगर उतरण्याची भीती कमी. लिनाग्लिप्टिनला तर किडनीप्रमाणे डोस बदलावा लागत नाही, आणि सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपल्यापासून ती गोळी परवडण्यासारखी झाली. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधं हृदय आणि किडनीला मदत करतात, पण डायपरवर असलेल्या आजींना त्यातून खाज, बुरशी आणि पाणी कमी होण्याचा त्रास होऊ शकतो. उलट्या-जुलाब सुरू झाले की ही औषधं आणि मेटफॉर्मिन चालू ठेवायचं का, हे त्याच दिवशी फोन करून विचारायचं.

इन्सुलिन, दोन रंगांची टोपणं

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींमध्ये मिळतं. बऱ्याच बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या, तर पेन आणि काही बाटल्या १०० युनिटच्या. सिरिंजही वेगळ्या: ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी केशरी. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत औषध भरलं, तर जातात दहाऐवजी पंचवीस युनिट. उलटी चूक झाली तर दहाऐवजी चारच. घरून बाटली एक पाठवतो, सिरिंजचा पुडा दुसरा कुणीतरी कोपरीच्या केमिस्टकडून आणून देतो, आणि रात्रपाळीला नवीन मुलगी असते. बाटलीवरचा ४० किंवा १०० चा आकडा आणि टोपणाचा रंग एकदा स्वतः ताडून पाहा.

सकाळ-संध्याकाळचं ३०/७० मिश्रण (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणारं इन्सुलिन) बऱ्याच जणांना चालू असतं. ते गढूळ असतं, हातात हळू फिरवून एकजीव करायचं, घुसळायचं नाही. जेवणाआधी साधारण अर्धा तास टोचतात, आणि एकदा टोचलं की जेवावंच लागतं. ज्यांचं जेवण बेभरवशाचं झालंय त्यांच्यासाठी ही सक्ती अवघड. डॉक्टर मग बदल करतात: झटपट काम करणारं इन्सुलिन, ताट संपल्यावर, जितकं खाल्लं तितक्या मापात, किंवा चोवीस तासांचं एकच इन्सुलिन, तेही रात्रीऐवजी सकाळी, म्हणजे पहाटे शुगर उतरण्याची भीती कमी. दिवसाला चार सुयांवरून एकीवर आले तर आकडा थोडा सैलावतो, माणूस मात्र सुखात राहतो. हा बदल मला नेहमीच फायद्याचा वाटतो.

हॉस्पिटलातून परत येताना डिस्चार्ज कार्डावर एक तक्ता असतो: शुगर इतकी आली तर दोन युनिट, त्याहून जास्त तर चार, त्याहून जास्त तर सहा. ॲडमिट असताना चार-दोन दिवस हे चालून जातं. पण केअर सेंटरमध्ये महिनोन्महिने फक्त त्याच तक्त्यावर माणूस ठेवला, तर आपण कायम मागून धावत राहतो: वाढली की टोचा, मग उतरली की साखर द्या, मग पुन्हा वाढली. असा नुसता तक्ता दीर्घ देखभालीत नको, असंच अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते. कार्ड घेऊन आठवड्याभरात नेहमीच्या डॉक्टरांकडून कायमचा डोस ठरवून घ्यायचा.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, फ्रीझरमध्ये कधीच नाही. चालू बाटली थंड खोलीत साधारण २८ दिवस. म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहायची. मेमध्ये ठाण्याच्या उकाड्यात खिडकीतल्या कपाटाला थंड खोली म्हणता येत नाही.

ताट

इथे मी थोडा पक्षपाती आहे. "डायबेटिक डाएट" नावाचं जे बेचव प्रकरण केअर सेंटरमध्ये वाढलं जातं, त्याने शुगरपेक्षा वजन जास्त उतरतं. या वयात वजन उतरणं म्हणजे स्नायू जाणं, स्नायू गेले की पडणं, पडलं की खुबा. दीर्घ देखभालीतल्या वृद्धांना कडक पथ्याऐवजी सगळ्यांसारखंच, आवडीचं, ठरल्या वेळी जेवण द्यावं आणि औषध त्याच्याशी जुळवावं, हीच आजची शिफारस आहे. चहातला एक चमचा साखर म्हणजे पाचेक ग्रॅम. त्या चहाबरोबर आजी दोन घास पोहे खाणार असतील तर तो चहा चालू द्यावा. दात नसतील तर मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, नाचणीची पेज, ताक, मऊ अंडं, कोळंबीपेक्षा बिनकाट्याचा मासा. प्रथिनं रोज कुठून मिळतायत ते विचारा. वृद्धांच्या ताटात सगळ्यांत आधी तीच गायब होतात.

उपास हा खरा तिढा. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही न खाणारी आई डोक्याने थोडी विसरली तरी चतुर्थी विसरत नाही. सकाळची गोळी मात्र मावशी नेमाने देतात, आणि दुपारी तीनला शुगर ६२. आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस ठरवावा, किंवा गुरुजींकडून, नाहीतर नातीकडून, आजींना "औषध घेणाऱ्याने खायचं असतं" हे पटवून द्यावं. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्याने शुगर चढते. दही, शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी बरी. गणपतीत एक मोदक, दिवाळीत एखादा लाडू, आमरसाची वाटी जेवणाच्या भागातच, एक पोळी कमी करून. आणि आंबा खाल्ल्यावर हात न धुता बोट टोचलं तर मीटर बोटावरचा रस मोजतं, रक्त नव्हे. २९० बघून घाबरण्याआधी साबणाने हात धुऊन परत मोजा.

नळीवाटे आहार चालू असेल तर एकच लक्षात ठेवायचं: नळी निघाली, तुंबली किंवा फीड थांबलं, आणि इन्सुलिन आधीच टोचलं असेल, तर दर तासाला शुगर बघायची आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं.

चढलेली शुगर कधी खरंच घाबरवते

सैल धोरण म्हणजे बेफिकिरी नव्हे. २५० च्या वर वारंवार जाऊ लागली तर डॉक्टरांना कळवायचं. दोन दिवस सलग ३०० च्या वर राहिली तर हयगय नाही. मीटरवर आकड्याऐवजी "हाय" दिसलं तर त्याच क्षणी. सोबत उलट्या, ताप, खाणं-पिणं बंद, जास्तच झोप असेल तर आकडा कमी असला तरी फोन करायचा.

म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते आणि लागली तरी पाण्यासाठी कुणाला तरी हाक मारावी लागते. शुगर वाढली की लघवी वाढते, शरीरातलं पाणी जातं, रक्त घट्ट होतं, शुगर आणखी वाढते. हे चक्र काही दिवस चालत राहिलं तर शुगर ६०० च्या पुढे जाऊन माणूस गुंगीत जातो. ही जिवावरची अवस्था असते आणि तिच्यामागे बऱ्याचदा न कळलेला न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग असतो. दमा किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड सुरू झालं तरी शुगर उसळते, विशेषतः दुपारनंतर. सकाळची उपाशीपोटीची चांगली दिसते म्हणून फसगत होते. दिवसभरात किती भांडी पाणी पोटात गेलं याची नोंद शुगरच्या चार्टइतकीच मोलाची, आणि एप्रिल-मेमध्ये तर जास्तच.

पाय रोज बघायचे, बोटांच्या मधल्या बेचक्यांसह. पावसाळ्यात तिथे ओल राहते, बुरशी धरते. खाटेवर असणाऱ्यांच्या टाचा लाल झाल्या आहेत का पाहायचं. संवेदना गेलेल्या पायांना शेकायची पिशवी नको. भाजलेलं त्यांना कळतच नाही. बोट टोचायचं पेन प्रत्येकाचं वेगळं हवं, नुसती सुई बदलून भागत नाही. एकच पेन सगळ्यांना वापरल्याने परदेशातल्या केअर होम्समध्ये हिपॅटायटिस बी पसरल्याच्या नोंदी आहेत. इन्सुलिनचं पेनही कधीच दुसऱ्याला नाही.

सेंटर बघायला जाल तेव्हा

गार्डन, लिफ्ट, टीव्ही हॉल सगळे दाखवतात. तुम्ही रात्रीचं विचारा. रात्री दोनला आजी घामाघूम झाल्या तर कोण उठतं? त्या व्यक्तीला ग्लुकोमीटर वापरता येतं का, स्ट्रिप संपलेल्या नाहीत ना, ग्लुकोज कुठे आहे? इन्सुलिन कोण देतं, सिस्टर की मावशी? बारा तासांच्या पाळ्या बदलताना "आज अर्धंच जेवल्या" ही गोष्ट दिवसपाळीकडून रात्रपाळीकडे लेखी जाते की तोंडी, की जातच नाही? या मावशी दिवसभर दहा-बारा जणांचं अंथरूण-आंघोळ करून, मुंब्रा-दिव्याला लोकलने घरी जाणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यावर ओरडून शुगर सुधारत नाही; ७० च्या खाली काय करायचं हे मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरात भिंतीवर लावलेलं असलं तर सुधारते.

ठाण्यात महापालिकेचं मोठं रुग्णालय कळव्याला आहे, नवी मुंबईत वाशीला. कासारवडवलीहून कळव्याला घोडबंदरच्या गर्दीत किती वेळ लागेल, हे ठाणेकराला सांगायला नको. म्हणून उतरलेली शुगर तिथल्या तिथे, पहिल्या पाच मिनिटांत सावरता यायला हवी. जवळचं चोवीस तास उघडं असणारं नर्सिंग होम कुठलं, तेही फाइलच्या पहिल्या पानावर हवं. त्याच पानावर चालू औषधं, किडनीचा शेवटचा रिपोर्ट, डॉक्टरांनी या माणसासाठी ठरवून दिलेली शुगरची मर्यादा आणि फोन कोणाला करायचा ते. मर्यादा लिहिलेली असली की टोरांटोच्या मुलाचा आणि रात्रीच्या सिस्टरचा आकड्यावरून होणारा वादही कमी होतो.

शेवटच्या आजारपणात, खाणं जवळपास थांबलेलं असताना, हे सगळं आणखी सैल होतं. टाइप २ असेल तर बऱ्याचदा गोळ्या थांबवतात, बोट टोचणंही जवळपास बंद करतात. तहान-लघवीचा त्रास दिसला तरच मोजतात. टाइप १ असेल तर मात्र थोडं इन्सुलिन शेवटपर्यंत लागतं, कारण त्यांच्या शरीरात ते तयारच होत नाही. कुठलं औषध कधी थांबवायचं, सुया किती दिवस टोचून घ्यायच्या, हे आईला बोलता येतंय तोवर तिलाच विचारून डॉक्टरांकडून फाइलमध्ये लिहून घेता येतं.